लॉ सीईटीचा कटऑफ कसा वाचायचा आणि पसंतीक्रम कसा भरायचा

कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे लॉ सीईटीचा, निकाल लागला की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शहाजीला कितीला लागतंय?" म्हणजे इथल्या शहाजी विधी महाविद्यालयात किती गुणांवर प्रवेश मिळतो. एवढ्या प्रश्नाला कुणालाच नेमकं उत्तर देता येणार नाही. एलएलबी तीन वर्षांचं की पाच, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, प्रवर्ग कोणता आणि फेरी कितवी, हे चारही सांगितल्याशिवाय कटऑफच्या आकड्याला अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या याद्यांत यातलं निम्मं गाळलेलं असतं. म्हणून सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या दोन-तीन वर्षांच्या फेरीनिहाय याद्या स्वतः उतरवून घ्या.

कटऑफ म्हणजे त्या फेरीत, त्या प्रवर्गात जागा मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचा आकडा. महाविद्यालयाने तो आधी ठरवलेला नसतो, जागा वाटून झाल्या की तो आपोआप तयार होतो. इंटरनेटवर अमेरिकेतल्या लॉ स्कूलविषयीचा सल्ला भरपूर सापडतो. तिथे १२० ते १८० गुणांच्या एलसॅट या प्रवेश परीक्षेचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे (शंभरातले तेवढे जण ज्याच्या मागे असतात तो) आकडे प्रसिद्ध होतात आणि निबंध, शिफारसपत्रं वाचून वर्ग कसा असावा हे प्रवेश समिती ठरवते. आपल्याकडे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतला वर्ग गुणवत्ता यादी, जागांचा तक्ता आणि उमेदवाराने भरलेला पसंतीक्रम यांतून घडतो. तिकडच्या मधल्या आकड्याची सवय घेऊन इकडची यादी वाचली, तर महाविद्यालय आहे त्यापेक्षा सोपं वाटू लागतं.

आता जागांचा तक्ता. सगळी गंमत इथे आहे आणि बहुतेक पालक तो उघडतच नाहीत. बार कौन्सिलच्या नियमानुसार एका तुकडीत जास्तीत जास्त ६० विद्यार्थी असतात. सोयीसाठी साठही जागा केंद्रीय प्रक्रियेत आहेत असं धरू (विनाअनुदानित संस्थेत संस्थास्तरावरच्या, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः भरायच्या, जागा आणि अल्पसंख्याक संस्थेत त्यांचा कोटा आधी बाजूला निघतो). अनुसूचित जाती १३ टक्के, म्हणजे ८ जागा. अनुसूचित जमाती ७ टक्के, ४ जागा. विमुक्त जाती ३ टक्के, भटक्या जमातींतल्या एनटी-बी अडीच, एनटी-सी साडेतीन, एनटी-डी २ टक्के, अशा प्रत्येकी एक-दोनच जागा. ओबीसी १९ टक्के, ११ जागा. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) १० टक्के, ६ जागा. खुल्या उरतात चोवीसच्या आसपास, आणि त्यांतही महिलांचं ३० टक्के समांतर, म्हणजे त्याच जागांच्या आतलं, आरक्षण आहे. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा) १० टक्क्यांचा हिशेब वेगळा. राखीव जागांचं गणित करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, नवं नाही: २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ज्यांचा या जागांवर हक्क आहे त्यांनी संकोच न करता, पण कागदपत्रं पूर्ण ठेवून तो घ्यावा.

या तक्त्यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एनटी-डीची जागा एकच असेल, तर त्या रकान्यातला कटऑफ म्हणजे एका मुलाचे किंवा मुलीचे गुण. पुढच्या वर्षी तो दहा-वीस पर्सेंटाइलने वर-खाली झाला तरी त्यावरून अंदाज बांधू नका. सरासरी काढण्याऐवजी आजूबाजूच्या सात-आठ महाविद्यालयांचा तोच रकाना पाहा. दुसरं, खुल्या जागा सर्वांच्या असतात. वरच्या गुणांचा ओबीसी उमेदवार आधी खुल्या जागेवर बसतो, त्यामुळे ओबीसीचा कटऑफ उरलेल्यांचा असतो. राखीव प्रवर्गातल्या उमेदवाराने दोन्ही रकाने पाहावेत.

तुलना करताना नुसते गुण धरू नका, कारण पेपरची काठिण्यपातळी बदलते. पर्सेंटाइल धरली तरी परीक्षेला बसलेल्यांची संख्या सोबत घ्या. समजा एका वर्षी २०,००० जण बसले, तर ८५ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण ३,००० उमेदवार असतात. पुढच्या वर्षी ३०,००० बसले, तर तेवढेच ३,००० पुढे असायला ९० पर्सेंटाइल लागते. म्हणून आपल्या वहीत पर्सेंटाइलशेजारी "आपल्यापुढे किती जण" हा रकाना ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आहे. सहा जिल्ह्यांचं काम इथे येत असल्याने इथे शिकण्याची ओढ वाढेल असं आम्हाला वाटतं, तेव्हा कोल्हापूरच्या त्याआधीच्या आकड्यांवर थोडी जास्त भर धरून चाला.

पसंतीक्रम भरताना नियम सोपा आहे: जिथे खरोखर शिकायचंय त्या क्रमाने लिहा. संगणक तुमची पहिली पसंती तपासतो, जागा नसेल तर दुसरी. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय वर लिहिलं म्हणून खालच्या शहाजीची संधी कमी होत नाही. उलट, "मिळेलच" म्हणून नकोसं महाविद्यालय पहिलं लिहिणं महागात पडतं. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती सहसा पक्की धरली जाते आणि पुढच्या फेरीचा रस्ता बंद होतो. यंदाच्या माहितीपुस्तिकेतलं हे कलम फॉर्म भरण्याआधी वाचाच. दुसरी चूक म्हणजे तीनच नावं भरून थांबणं. कोल्हापूरच्या मुलाने सांगली आणि सातारा धरायलाच हवेत, सकाळच्या एसटीने किंवा रेल्वेने सांगली तर रोजची आहे. एकाच महाविद्यालयाची अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी दोन वेगळ्या पसंत्या असतात. शुल्कात मोठा फरक असतो, दोन्ही पाहून मगच लिहा.

पात्रता आधी तपासा: तीन वर्षांसाठी पदवीला आणि पाच वर्षांसाठी बारावीला खुल्या प्रवर्गाला ४५, ओबीसीला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. सीईटीत कितीही गुण मिळाले तरी ही अट सुटत नाही.

सर्वांत जास्त जागा जातात त्या कागदांपायी. जात वैधता प्रमाणपत्र नसेल, नॉन-क्रिमीलेअर मुदतीत नसेल, किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्याऐवजी केंद्राच्या नमुन्यात असेल, तर अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. वैधतेचा अर्ज बारावी किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच जिल्हा पडताळणी समितीकडे करा. निकालानंतर धावपळ केली तर पहिली फेरी हमखास हुकते. दाखल्यावरचं, गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक असू द्या.

फेऱ्या संपल्यावर राखीव प्रवर्गाच्या रिकाम्या जागा आधी जवळच्या प्रवर्गगटात, मग सर्व मागास प्रवर्गांत आणि शेवटी सर्वांसाठी खुल्या होतात. शेवटच्या फेरीचा कटऑफ एकदम घसरलेला दिसतो तो यामुळे. या घसरलेल्या आकड्यावर विसंबून आधीच्या फेरीत मिळालेली जागा सोडू नका. काहीच मिळालेलं नसेल, तर संस्थास्तरावरच्या फेरीसाठी महाविद्यालयाच्या फलकावरची रिक्त जागांची यादी पाहा, मुदतीत अर्ज द्या आणि त्याची पोच तारखेसह घ्या.