मे महिन्यात टाकीतलं मीठ वाढत गेलं तेव्हा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी कित्येक वर्षं गोड्या पाण्यातल्या माशांची टाकी होती. दिवाळीनंतर एंजल मासे मित्राला दिले आणि त्याच १०० लिटरच्या टाकीत खारं पाणी करायचं ठरवलं. नळाचं नर्मदेचं पाणी न घेता आरओचं घेतलं, लिटरला ३५ ग्रॅम माशांच्या टाकीसाठीचं सागरी मीठ. (घरातलं मीठ अजिबात चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं.) अमोनिया आणि नायट्राइट (नव्या टाकीत तयार होणारी, माशांना विषारी द्रव्यं) शून्यावर यायला पाच आठवडे लागले. मगच खाऱ्या पाण्यातल्या क्लाउनफिश माशांची जोडी आणली.

मे महिन्यात टाकीतली गोगलगाय काचेवरून सुटून पडायला लागली, माशांचे कल्ले भराभर हलायला लागले. पाण्याचा खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०३० (साध्या पाण्याचा आकडा १.०००)! असायला हवं १.०२६. चूक माझीच होती. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला होता, रोज दोनेक लिटर पाणी वाफ होऊन उडत होतं आणि मी ती तूट खाऱ्या पाण्यानं भरत होतो. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. काचेच्या काठावर पांढरा, खरखरीत थर रोज जमत होता आणि मी तो फक्त पुसून टाकत होतो.

एकदम पाणी बदललं असतं तर जीवांना झटका बसला असता. म्हणून तीन दिवस रोज चार-पाच लिटर काढलं आणि तेवढंच साधं आरओचं पाणी सलाइनच्या नळीनं थेंबथेंब सोडलं. काचेवर मार्करनं रेघ ओढली. आता सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत साधंच पाणी घालतो. चौथ्या दिवशी गोगलगाय पुन्हा काचेवर चढली, तेव्हा आईला हाक मारून दाखवली.