स्मार्ट घोषणा कागदावर कशी तपासायची

सिंहस्थ जवळ आला की नाशकात ‘अत्याधुनिक’ हा शब्द फार स्वस्त होतो. चौकात कॅमेरे बसवल्याचा फलक दिसला, तरी बसवलेला कॅमेरा आणि चालू कॅमेरा यांत फरक असतो. तो शोधायला माहितीचा अधिकार पुरेसा आहे.

साध्या कागदावर अर्ज लिहा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि महापालिकेच्या राजीव गांधी भवनात संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे आवक-जावकमध्ये द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द चालतात.

खरी गोम प्रश्नात आहे. ‘कॅमेरे बंद का?’ असं विचारलंत तर ‘खुलासा म्हणजे माहिती नव्हे’ असं उत्तर ठरलेलं. कागद मागा: कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजमापाची नोंदवही) पानं, अदा केलेली देयकं, देखभाल करारातली दंडाची अट आणि प्रत्यक्ष वसूल दंडाचा तपशील. शेवटच्या दोन गोष्टींतच बहुतेक पितळ उघडं पडतं. चौक आणि आर्थिक वर्ष नेमकं लिहा, नाहीतर ‘माहिती व्यापक आहे’ म्हणून अर्ज परत येतो. आधी अभिलेख पाहायची परवानगी मागितली तर हवी तेवढीच पानं 2 रुपये दराने घेता येतात.

विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवणं माहिती अधिकाऱ्याचं काम, तुमचं नव्हे. 30 दिवसांत उत्तर नाही? पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टँपसह.