संयुक्त प्रार्थनासभेची तयारी: आधी कागद, मग खुर्च्या

१८ ते २५ जानेवारी या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनासप्ताहात भायखळ्यात मराठी संयुक्त सभा घ्यायची असेल, तर खुर्च्या आणि माईक यांची काळजी नको. ती कामे अंगावर घेणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. आधी हाती घ्यावी ती कार्यक्रमपत्रिका, आणि तिच्यात प्रभूची प्रार्थना शेवटच्या आमेनपर्यंत छापलेली असावी. मागच्या वेळी "ती सर्वांना पाठ आहे" म्हणून वगळली गेली. मग कॅथलिक बाके वाइटापासून सुटकेच्या मागणीनंतर आमेन म्हणून थांबली, प्रॉटेस्टंट बाके "राज्य, सामर्थ्य व गौरव" म्हणत पुढे गेली आणि पेटीवाल्याला कुठे थांबावे ते कळेना. हा शेवट कॅथलिकांना परका नाही, मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, तो धर्मगुरूंच्या छोट्या प्रार्थनेनंतर येतोच. म्हणून तो छापावा आणि सर्वांनी म्हणावा.

मिस्सा आणि प्रभुभोजन (प्रॉटेस्टंटांचा भाकर व द्राक्षरसाचा विधी) दोन्ही टाळून शास्त्रवाचन, गीते व मध्यस्थीच्या प्रार्थना ठेवाव्यात. कॅथलिक धर्मगुरूंना इतर पंथांच्या पाळकांसोबत मिस्सा अर्पण करण्यास मनाई आहे, मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मीत) तर प्रभुभोजनाचा विधीच नाही. तेव्हा उत्साहाच्या भरात कोणी "एकदा एकत्र घेऊन पाहू" म्हणाले, तर बैठकीतच नाही म्हणावे, सभेच्या दिवशी नव्हे.

१९७० साली अनेक प्रॉटेस्टंट परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाले, पण मेथडिस्टांचा मोठा गट बाहेर राहिला. सीएनआयच्या पाळकसाहेबांना पत्र दिले म्हणजे सगळ्या प्रॉटेस्टंटांना निमंत्रण पोहोचले, या भ्रमात राहू नये.

वाचन बायबलच्या सर्वमान्य ६६ पुस्तकांतलेच निवडावे; तोबित किंवा मक्काबी ही पुस्तके कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांत आहेत, सर्वांच्या पवित्र शास्त्रात नाहीत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने घेतल्यास शब्द छापावेत, कारण चाली जुळतीलच असे नाही. एक तालीम तरी एकत्र व्हावी. कागद छापखान्यात जाण्यापूर्वी फादर आणि पाळकसाहेब या दोघांनीही पाहिलेला असावा, त्यातही प्रार्थनेचा शेवट. पुन्हा सांगतो, शेवट.

रविवार शक्यतो नको: तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, एरवी मेगाब्लॉक. बाकी दानपेटी, चहा, आभार नेहमीप्रमाणे.