घर भाड्याने देताय? मालकांनो, या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात माझे धाकटे काका प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन घरी आले. पाचशेचा स्टॅम्प पेपर, त्यावर नोटरीचा लाल गोल शिक्का, शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्या. अकरा महिने संपले होते आणि भाडेकरू घर खाली करत नव्हता. "डिपॉझिट एक लाख दिलंय आणि तीन वर्षं राहायचं ठरलं होतं," असं त्याचं म्हणणं. कागदावर डिपॉझिट होतं साठ हजार. "अरे, नोटरी केलंय की! आणखी काय पाहिजे?" काका विचारत होते.

आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. 'एक वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही' ही समजूत केंद्राच्या नोंदणी कायद्यावरून आली आणि त्यातूनच अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) वेगळं सांगतो. त्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खरी मेख पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. साठ हजारांचे एक लाख झाले ते इथे.

बरं, वाचवले किती? लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याच्या करारावर, मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. भाडं महिना २०,००० म्हणजे अकरा महिन्यांचे २,२०,०००. परत करायच्या साठ हजार डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं ५,५००. एकूण २,२५,५०० वर पाव टक्का, म्हणजे सहाशे रुपयांच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. एवढ्यासाठी काकांनी शेवटी चाळीस हजार जास्तीचे मोजून घर सोडवून घेतलं. मला आजही त्याची हळहळ वाटते.

करार नोंदवलेला असता तर कायदा त्यांच्या पाठीशी होता. राहण्यासाठी दिलेल्या घराची लायसन्सची मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या नाहीत. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधी ठरवा: एकतर नवा करार नोंदवा, नाहीतर जागा सोडण्याचं लेखी पत्र द्या. काही न करता जुनंच भाडं घेत राहिलात, तर 'मालकांनीच राहू दिलं' हा बचाव समोरच्याला आयता मिळतो.

पागडीची (सुरुवातीला मोठी रक्कम घेऊन अल्प भाड्याने दिलेली) किंवा जुन्या भाडेहक्काची जागा असेल तर मात्र कलम २४ ची ही सोय लागू नाही. तिथे भाडं थकलं तरी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावं लागतं. समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी व्याजासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं नियमित भरलं, तर तेवढ्या कारणावरून त्याला काढता येत नाही. भाडेवाढ वर्षाला चार टक्के. दोन्ही प्रकारांना एकच नियम लावू नका.

त्या दिवशी चुलतभाऊ म्हणाला, "तीन दिवस लाइट तोडतो, आपोआप जातील." कळकळीने सांगते, हे कधीच करू नका. कलम २९ नुसार मालकाला पाणी, वीज, लिफ्ट, जिन्यातला दिवासुद्धा विनाकारण बंद करता येत नाही. कोर्ट ते पुन्हा सुरू करायला लावतं, शिक्षेचीही तरतूद आहे, आणि आत राहणाऱ्या लेकराबाळांचे हाल होतात ते वेगळेच. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यालाही तोच नकार.

दुरुस्तीकडे कानाडोळा करणारेही अनेक. राहण्याजोगी जागा ठेवणं मालकाचं काम आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही तुम्ही हललात नाहीत, तर तो स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. छताची ओल वेळेत पाहिली तर स्वस्तात सुटते.

'आता दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं' असे मेसेज फिरतात. त्याचं मूळ २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे चालत नाही.

सोसायटीला कळवणं आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं विसरू नका. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) मागितला तर तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही ना, हे बिल हातात धरून तपासा. भाडं रोख घेत असाल तर दर वेळी पावती द्या, कायद्याने ती बंधनकारक आहे. आणि चावी देताना मीटरचं रीडिंग, गिझर, पंखे, बेसिनची तडा गेलेली कड, सगळ्याचे फोटो काढून त्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट परत करायच्या दिवशी वाद होतो तो याच बेसिनवरून.