पेशंटजवळ थांबताय? या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडी, अगदी पलीकडच्या चंदगडहूनही पेशंट बेळगावला दाखल झाला की मागोमाग अर्धं घर येतं. हे चांगलंच आहे. वॉर्डात एकेका सिस्टरकडे पुष्कळ पेशंट असतात. कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं ही कामं बहुतेक वेळा नातेवाईकच करतात. पण ती कशी करायची, हे त्यांना कुणी बसवून शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार आपल्यासारख्या देशांत दाखल झालेल्या दर १०० पेशंटांपैकी सरासरी १५ जणांना दवाखान्यात असतानाच नवा जंतुसंसर्ग होतो. नर्स म्हणून मला वाटतं, जो माणूस रात्रंदिवस पलंगाशेजारी बसतो, त्याला यातलं सगळं माहीत असायलाच हवं.

हात धुण्यातल्या चुका

जेवायच्या आधी हात सगळेच धुतात. पेशंटला हात लावायच्या आधी मात्र फार थोडे धुतात. बाहेर चहा पिऊन, फोनवर बोलून, लिफ्टचं बटण दाबून माणूस येतो आणि थेट पेशंटचं तोंड पुसायला लागतो. पेशंटला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, लघवी-शौच-रक्ताशी संबंध आल्यावर आणि पलंगाच्या कठड्याला किंवा चादरीला हात लागल्यावरही हात स्वच्छ करायचे. साबण-पाण्याने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझर चोळायला २० ते ३०. अंगठा, बोटांची टोकं आणि अंगठीखालची जागा हमखास राहून जाते. धुतलेले हात पदराला किंवा पंच्याला पुसले, तर धुण्याचा उपयोग राहत नाही.

हात मळलेले दिसत असतील तर सॅनिटायझर पुरत नाही. पेशंटला जुलाब होत असतील तरीही साबण-पाणीच घ्या, कारण जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. हातमोजे घातले म्हणून धुणं चुकत नाही. तेच मोजे घालून दाराची कडी उघडू नका.

आणखी एक चूक आपल्या माणुसकीतूनच होते. शेजारच्या पलंगावरच्या एकट्या आजींना आपण पाणी पाजतो, उठवून बसवतो. जरूर करा, पण मध्ये हात धुवा. एका पेशंटचे जंतू दुसऱ्याकडे जातात ते बहुतेक असेच, हातांवरून.

लघवीची नळी

एक्स-रेला नेताना पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवलेली मी कितीतरी वेळा पाहते. पिशवी वर गेली की साचलेली लघवी नळीतून उलटी मूत्राशयाकडे जाते. पिशवी कायम कमरेखाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. रिकामी करताना तिचं तोंड भांड्याला लागू देऊ नका, आणि प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं ठेवा.

लघवी येईनाशी झाली तर आधी नळी बघा. ती कुठे पिळली आहे का, पेशंट तिच्यावरच झोपलाय का, पिशवी गच्च भरली आहे का? हे सगळं ठीक असूनही लघवी येत नसेल तर लगेच सिस्टरना बोलवा. नळी आणि पिशवीचा जोड स्वतः उघडू नका, नळी ओढू नका.

आणि रोजच्या राऊंडला एक प्रश्न नक्की विचारा: "डॉक्टर, ही नळी अजून लागणार आहे का?" नळी जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढत जातो. सलाईनच्या सुईलाही हेच लागू आहे. सुईची जागा लाल झाली, सुजली, दुखू लागली तर चोळू नका, शेकू नका, सांगा.

टाके आणि बाळाची नाळ

भेटायला आलेल्यांना जखम दाखवायला ड्रेसिंग उचलू नका. टाक्यांवर हळद, खोबरेल, अंगारा काहीही लावू नका. बाळाच्या नाळेवरही नाही. ती कोरडी ठेवायची आणि लंगोट नाळेच्या खाली बांधायचा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस काढून येऊ नका. त्याने पडणाऱ्या बारीक जखमांतून जंतू आत शिरतात. केस काढायची गरज असेलच तर दवाखान्यात मशीनने कापतात.

खानापूरकडच्या पावसात गावी जाईपर्यंत ड्रेसिंग भिजतं. भिजलेलं ड्रेसिंग 'वाळेल आपोआप' म्हणून ठेवू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात बदलून घ्या. लाली पसरणं, पू, वास, टाका उसवणं, ताप यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ऑपरेशननंतर महिनाभर हे लक्ष ठेवायचं. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

बाकीच्या गोष्टी

सर्दी-खोकला असेल तर भेटायला येऊ नका, फोन करा. खोकणाऱ्या पेशंटला मास्क द्या. गारठा लागतो म्हणून वॉर्डाच्या सगळ्या खिडक्या बंद करू नका. टीबीचे जंतू कोंदट हवेत जास्त वेळ राहतात.

कचऱ्याच्या डब्यांवरच्या कन्नड-इंग्रजी पाट्या वाचता आल्या नाहीत तरी रंग ओळखा. रक्त लागलेला कापूस पिवळ्या डब्यात जातो. जेवणाच्या पत्रावळ्या पिवळ्या, लाल, निळ्या, पांढऱ्या यांपैकी कशातच टाकायच्या नाहीत. त्यांचा डबा वेगळा असतो, तो विचारून घ्या.

आवरताना वापरलेली सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी सिस्टरना सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं लागणार असतील तर ती शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. कुणी रागावेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.