गाडीने आपोआप वेग घेतला : कारण कसं शोधायचं

"पाय ब्रेकवरच होता, तरी गाडी सुसाट सुटली." अशी तक्रार असलेली गाडी तपासायला घ्यायची असेल, तर मी आधी ती चालवायला बंदी घालते. टो करूनच आणायची. एअरबॅग उघडली नसेल तर तिच्या कंट्रोलरमधली (एअरबॅग चालवणाऱ्या छोट्या संगणकातली) धक्क्याची नोंद पुढच्या दणक्याने पुसली जाऊ शकते. बॅटरी काढू नका, एरर कोड उडवू नका, आणि फोटो घेतल्याशिवाय पायाखालच्या मॅटला हात लावू नका.

मग चालकाशी बोला. "चुकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला का?" हा प्रश्न मी विचारत नाही, घाबरलेला माणूस त्याने गप्पच होतो. गाडी उभी होती की धावत होती? गिअर टाकल्याबरोबर झालं का? आधी इंजिनाचा आवाज चढला की आधी गाडी हलली? ब्रेकचं पेडल कसं लागलं, मऊ की दगडासारखं? पायात काय होतं? तेच जोडे मागून घ्या. जोरात धडक बसली असेल तर तळव्यावर पेडलचा ठसा सापडू शकतो.

आता जमिनीवर बसा आणि टॉर्च घ्या. मॅट हुकात आहे का, दुसऱ्या मॉडेलची आहे का, दोन एकावर एक आहेत का? मॅट पुढे सरकवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सोडा. अडकला तर उत्तर बहुधा तिथेच आहे. २००९ मध्ये सॅन डिएगोजवळ लेक्सस गाडीच्या अपघातात चार जण गेले, ते दुसऱ्या मॉडेलच्या मॅटखाली पेडल अडकल्यामुळे. २०२४ मध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक परत मागवले, कारण पेडलवरची पट्टी सरकून वरच्या ट्रिममध्ये अडकू शकत होती. मॅट काढूनही पेडल हळूहळू दाबून सोडा. मध्येच रेंगाळतं का, हे पायाला नाही, बोटाला कळतं.

अ‍ॅक्सिलरेटर केबलने ओढला जाणाऱ्या जुन्या गाडीत केबलचे तुटलेले धागे आणि इंजिन धरून ठेवणारे माउंटिंग बघा. माउंटिंग तुटून इंजिन उचललं गेलं की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, ओढला जातो. याच दोषापायी जनरल मोटर्सला १९७१ मध्ये सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

ब्रेकवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. चाकं काढा. डिस्क निळसर पडली असेल, पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले असतील, तर चालकाने इंजिनाशी झगडत ब्रेक खरोखर धरला होता. सॅन डिएगोच्या गाडीत तशा खुणा होत्या. मात्र घटना दोन-चार सेकंदांची असेल तर खुणा नसणं हा पुरावा नव्हे. ब्रेकलाइटचा बल्ब तारेचा असेल तर तो जपून काढा: धक्क्याच्या वेळी पेटलेली तार मऊ असते, ती ताणून वेडीवाकडी होते. "पेडल दगड झालं होतं" हे खोटं समजू नका. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल पूर्ण उघडला की ब्रेकच्या बूस्टरला पायाचा जोर वाढवायला लागणारा व्हॅक्यूम कमी होतो, आणि ब्रेक दोन-तीनदा पंप केला की बूस्टरमधला साठा संपतो. म्हणून अशा वेळी ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरायचा आणि गिअर न्यूट्रलला टाकायचा.

त्यानंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले कोड आणि आकडे वाचणारं उपकरण. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. इंजिन बंद, किल्ली ऑन. पेडल हळू दाबत दोन्ही व्होल्टेज बघा. उडी, खड्डा किंवा परस्परांशी न जुळणारा चढ संशयास्पद. पी २१३८ कोड पेडलच्या सेन्सरांचा बेबनाव सांगतो, पी २१३५ थ्रॉटलच्या. वायरिंग हलवत हीच चाचणी पुन्हा करा. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं मात्र लिहू नका. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींच्या तपासात नासाला थ्रॉटल मोठा उघडेल असं इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही (२०११), पण काही पेडल सेन्सरमध्ये कथिलाचे केसासारखे तंतू वाढलेले सापडले.

एअरबॅग कंट्रोलरची नोंद अधिकृत उपकरणानेच काढून घ्या. त्यात साधारणपणे धडकेआधीच्या पाच सेकंदांचा वेग, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक मिळतो. ब्रेक शून्य, अ‍ॅक्सिलरेटर शंभर टक्के, तर पाय चुकीच्या पेडलवर असण्याची शक्यता मोठी. पण अ‍ॅक्सिलरेटरचा तो आकडा पेडलच्या सेन्सरकडूनच येतो, त्यामुळे सेन्सर निर्दोष ठरल्याशिवाय त्यावर शिक्का मारू नये.

डिझेल गाडी किल्ली काढूनही गर्जत राहिली असेल तर टर्बोचं (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाचं) सील बघा. गळलेलं ऑइल इंजिन इंधनासारखं जाळत बसतं.

पाय चुकला हे सिद्ध झालं तरी मी थांबत नाही. का चुकला? ऑडी ५००० गाड्यांबद्दलच्या अशाच तक्रारींच्या प्रकरणात अमेरिकी सरकारच्या १९८९ च्या अहवालाने मुख्य कारण चुकीचं पेडल हेच दिलं, पण काही गाड्यांचं आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) अचानक चढत होतं, आणि त्या दचक्याने पाय चुकू शकत होता. म्हणून आयडलिंग, व्हॅक्यूमची गळती आणि थ्रॉटलवरचा कार्बन शेवटी तरी तपासाच. अहवालात काय सापडलं, काय तपासूनही सापडलं नाही आणि काय तपासताच आलं नाही, हे तीन वेगळे रकाने ठेवा. कारण सापडलं नसेल तर तसंच लिहा. त्या जागी "चालकाची चूक" लिहू नका.