चौतारातली दुपार: भूकंपाच्या भागात वैद्यकीय पथकासोबत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

२०१५ साली इंटर्नशिप संपली आणि २५ एप्रिलच्या भूकंपानंतर दोन आठवड्यांनी मी एका पथकासोबत नेपाळला गेले. सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या चौताराला आमचा तंबू होता. चिघळलेल्या जखमांचं ड्रेसिंग, धनुर्वाताची इंजेक्शनं, जुलाब, प्लास्टर तपासणं, असं काम चालू होतं. मोठा धक्का होऊन गेला, आता फक्त निस्तरायचं, असं मी धरून चालले होते. १२ मे रोजी दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला.

बाहेर 'आयो, आयो' असा एकच ओरडा झाला. समोरच्या उतारावर धुळीचे लोट उठले. थोड्याच वेळात जखमी यायला लागले, कुणी पाठुंगळीवर, कुणी दाराच्या फळीवर, एक आजी तर डोकोत, म्हणजे कपाळाला पट्टा लावून वाहायच्या टोपलीत.

सगळ्यात मोठ्यानं रडणाऱ्या मुलाकडे मी धावले आणि त्याच्या कपाळाची जखम शिवायला घेतली. शेजारी एक बाई गप्प पडून होती. तिथल्या सिस्टरनं माझा हात धरला, "पहिला उहाँलाई हेर्नुस्." म्हणजे, आधी यांना बघा. बाईचं पोट दगडासारखं घट्ट होतं आणि मनगटाला नाडी लागत नव्हती. रडणाऱ्याचा श्वास चालू असतो, आधी गप्प असलेल्याकडे बघायचं. तिला सलाईन लावून पहिल्या गाडीनं पुढे पाठवलं. मुलाची जखमही शिवायची नव्हतीच. ढिगाऱ्यातल्या जखमेत माती भरलेली असते. ती भरपूर धुवायची, उघडी ठेवायची आणि तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तरच बंद करायची.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वी घोकून ठेवा. भिंतीखाली पाय अडकलेला माणूस तासन्‌तास नीट बोलत असतो आणि दगड उचलल्यावर काही वेळात जातो. चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. त्यातून वाचला तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून शक्य असेल तर दगड हलवण्याआधीच शीर धरून नॉर्मल सलाईन सुरू करायचं. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. नंतर लघवीवर नजर ठेवायची. ती कोऱ्या चहासारखी काळपट दिसली, तर डायलिसिस असलेल्या रुग्णालयात हलवायची तयारी करा.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली तेव्हा मी दोन वर्षांची होते. घरात ऐकलेल्या दगडमातीच्या जाड भिंती मला चौतारात तशाच पडलेल्या दिसल्या. किल्लारीत लोक झोपेत सापडले. नेपाळात २५ एप्रिलला शनिवार होता, शाळांना सुट्टी होती, नाहीतर किती मुलं गेली असती याचा विचारही करवत नाही.

लिपी एकच असल्याचा फार उपयोग झाला. प्लास्टरवरच तारीख आणि कुठलं हाड मोडलंय ते देवनागरीत लिहिलं की पुढचा नेपाळी कर्मचारी ते वाचू शकायचा. 'कहाँ दुख्छ?' एवढं तरी शिकून जा. एकट्यानं उठून जाऊ नका, पथकासोबतच जा. तिथे रुग्ण तपासायला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, तिची चौकशी आधीच करा. हेडलॅम्प, शिट्टी, स्वतःची औषधं आणि ओआरएस अंगावरच्या पिशवीत असू द्या, कारण तंबूत परत शिरता येईलच असं नाही.

त्या रात्री आम्ही शेतात उघड्यावर झोपलो, बूट पायातच ठेवून. जमीन दर थोड्या वेळानं हलत होती. पहाटे गावातली महिला स्वास्थ्य स्वयंसेविका आली. नेपाळात अशा सुमारे ५०,००० बायका आहेत, आपल्या आशाताईंसारख्या. तिचं स्वतःचं घर पडलं होतं. हातात वही होती आणि वहीत घरवार नावं: कोण गरोदर, कोण अंथरुणाला खिळलेलं, कालपासून कोण दिसलेलं नाही. सात नावांपुढे तिनं खूण केली होती. आम्ही पिशव्या उचलल्या आणि तिच्या मागून त्या सात घरांकडे निघालो.